स्त्रीच्या बळाची ठेव : नियमित व्यायाम आणि स्नायुबल



वार्षिक अहवालातील आरोग्यविषयक लेख दरवर्षी आपल्या रुग्णालयातील एखादे तज्ज्ञ डॉक्टर लिहितात. यंदा अस्थिरोग विभागाच्या डॉक्टरांनी हे काम माझ्याकडे सोपविले. मी वैद्यकीय शाखेचा नाही. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन हिशेबाच्या टेबलावर नोकरीस लागलो आणि पुढे प्रशासनाची जबाबदारी अंगावर आली. मी संकोच व्यक्त केला तेव्हा डॉक्टर म्हणाले, "आम्ही सांगतो ते लोकांना औषध वाटते. तुम्ही घरचा अनुभव सांगा, वैद्यकीय भाग आम्ही तपासून देतो." त्यांच्या या आश्वासनावर विसंबून हा विषय मांडण्याचे धाडस करीत आहे.

स्त्रियांच्या अस्थिरोग कक्षातून फेरी मारताना जवळजवळ प्रत्येक खाटेशी एकच हकिकत थोड्याफार फरकाने ऐकू येते. रात्री उठल्या आणि उंबऱ्याला पाय अडखळला. न्हाणीघरात पाय घसरला. माळ्यावरचा डबा काढताना स्टुलावरून तोल गेला. पडणे लहान असते, मोडणे मात्र मोठे असते. खुब्याचे हाड मोडले की शस्त्रक्रिया, इम्प्लांट, खाटेचे दिवस, वॉकर, फिजिओथेरपी अशी खर्चाची मालिका सुरू होते. ज्यांना तो झेपत नाही त्यांच्यासाठी निर्धन रुग्ण निधी आहे आणि आपल्यासारख्या दात्यांचा हात आहे. परंतु बिलात न येणारा खर्चही असतो. कोणाची तरी नोकरी सुटते, कोणाच्या तरी परीक्षेचा अभ्यास बुडतो आणि काल सर्वांना वाढणारी बाई आज पाणी प्यायलाही दुसऱ्याची वाट पाहते.

चार वर्षांपूर्वी ही हकिकत माझ्या घरी घडली. माझी आई तेव्हा ७४ वर्षांची होती. पहाटे देवघराकडे जाताना पायपुसण्यात पाय गुंतला आणि ती कुशीवर पडली. शस्त्रक्रिया आपल्याच रुग्णालयात झाली व उत्तम झाली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मला विचारले, "पडण्यापूर्वी आई हाताचा आधार न घेता खुर्चीवरून उठत होत्या का?" मी आठवू लागलो. दोन-तीन वर्षांपासून ती खुर्चीचे हात दाबूनच उठत असे. पाटावर बसणे तिने सोडले होते. जिना चढताना कठडा सोडत नसे. आम्ही त्या सगळ्याला वय म्हणत होतो. डॉक्टर म्हणाले, "मांड्यांचे बळ कमी झाले होते. त्यातले बरेचसे टिकवता आले असते."

आई आयुष्यात कधी स्वस्थ बसली नाही. आठ माणसांचा स्वयंपाक, धुणीभांडी, पाणी भरणे, आल्यागेल्याचे करणे यांतच तिचे दिवस गेले. म्हणूनच तिला व्यायामाची आवश्यकता असेल, असे मला एकदाही वाटले नाही. फिजिओथेरपी विभागाच्या साधनांची मागणीपत्रे दरवर्षी माझ्याच सहीने मंजूर होत असताना ही गोष्ट माझ्या लक्षात येऊ नये, याची खंत आजही वाटते. या लेखाचे मूळ त्या खंतीत आहे.

घरकाम हा व्यायाम आहे काय?

हा प्रश्न प्रथम सोडविला पाहिजे, कारण आपल्या घरांतील बहुतेक स्त्रियांचे उत्तर ठरलेले असते : "दिवसभर कामच तर करते, आणखी व्यायाम कशाला?"

केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीनुसार घरातील विनामोबदला कामे करणाऱ्या स्त्रियांचा त्या कामांत दिवसाला सरासरी २९९ मिनिटे, म्हणजे जवळजवळ ५ तास वेळ जात होता. अशी कामे करणाऱ्या पुरुषांचा वेळ ९७ मिनिटे होता. याउलट, ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या नियतकालिकात २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार २०२२ मध्ये भारतातील सुमारे ५७ टक्के प्रौढ स्त्रियांची शारीरिक हालचाल आरोग्यासाठी अपुरी होती. पुरुषांत हे प्रमाण ४२ टक्के होते. जी दिवसभर राबते तीच हालचालीत मागे पडते, ही विसंगती प्रथमदर्शनी चकित करते.

थोडा विचार केल्यास तिचा उलगडा होतो. घरकाम वेळ घेते, थकवा आणते, कंबर वाकवते, परंतु श्वासाची गती पुरेशी वाढवत नाही आणि स्नायूंना नेहमीपेक्षा अधिक भार देत नाही. पोळ्या लाटताना मनगट व खांदे तेच तेच काम हजारो वेळा करतात, मांड्या व पाठ मात्र तासन् तास एकाच स्थितीत ताठकळतात. व्यायामात भार ठरवून दिला जातो, क्रमाक्रमाने वाढविला जातो आणि त्यानंतर विश्रांती मिळते. घरकामात यांपैकी काहीही ठरलेले नसते, आणि विश्रांती तर नसतेच.

आमच्या आजीच्या पिढीला जाते, उखळ-मुसळ, विहिरीचा रहाट आणि डोक्यावरची घागर होती. त्या कामांत भार होता. तथापि अर्धपोटी, बाळंतपणांमागून बाळंतपणे सोसत केलेले ते कष्ट पुन्हा कोणाच्या वाट्याला येऊ नयेत. गिरणी, नळ, गॅस आणि मिक्सर यांनी स्त्रीचे कष्ट वाचविले हे चांगलेच झाले. मात्र कष्टांबरोबर स्नायूंना मिळणारा भारही गेला आणि त्याची जागा कशानेही भरून निघाली नाही. ती जागा आता जाणीवपूर्वक भरावी लागेल.

हाडांचे आणि स्नायूंचे पासबुक

हिशेबाच्या भाषेत सांगायचे तर शरीरात दोन खाती असतात, एक हाडांचे आणि दुसरे स्नायूंचे.

हाडांच्या खात्यात जमा होते ती मुख्यत्वे बालपणात आणि तरुणपणात. वयाच्या तिशीच्या आसपास शिल्लक सर्वाधिक असते. त्यानंतर जमेपेक्षा खर्च हळूहळू वाढू लागतो. स्त्रीच्या बाबतीत रजोनिवृत्तीनंतर या खर्चाला वेग येतो, कारण हाडांचे रक्षण करणारे इस्ट्रोजेन हे संप्रेरक एकाएकी कमी होते. पुढील ५ ते ७ वर्षांत काही स्त्रियांची हाडे २० टक्क्यांपर्यंत घनता गमावतात. भारतीय स्त्रियांत रजोनिवृत्ती सरासरी ४६-४७ व्या वर्षी येते. पाश्चात्त्य देशांत हे वय ५१ च्या आसपास आहे. याचा अर्थ आपल्या भगिनींचे हे खाते काही वर्षे आधीच रिकामे होऊ लागते. हाडांची ठिसूळता दुखत नाही आणि दिसतही नाही. बहुतेकींना तिची पहिली सूचना हाड मोडल्यावरच मिळते.

स्नायूंच्या खात्याचे असेच आहे. तिशीनंतर दर दहा वर्षांत साधारणतः ३ ते ८ टक्के स्नायू घटतात व साठीनंतर ही घट वाढते. गंमत अशी की, वजनकाट्यावर ती दिसत नाही, कारण स्नायूंची जागा चरबी घेत जाते. वजन तेच राहते, पण ते पेलणारे बळ कमी होते. हिशेबनीस याला लपलेला घसारा म्हणेल.

या दोन्ही खात्यांत उतारवयातही भर घालण्याचा एक मार्ग निसर्गाने ठेवला आहे, तो म्हणजे भार. ज्या हाडावर भार पडतो ते स्वतःला बळकट करते, हे तत्त्व जर्मन शल्यचिकित्सक युलियस वोल्फ यांनी १८९२ साली मांडले. स्नायू आकुंचन पावून हाडाला ओढतो, तेव्हा हाडातील पेशींना नवे हाड रचण्याचा संदेश मिळतो. भार नाहीसा झाला तर काय होते, हे अंतराळवीरांच्या उदाहरणावरून कळते. वजनरहित अवस्थेत त्यांच्या खुब्याच्या हाडाची घनता दरमहा १ ते १.५ टक्क्यांनी घटू शकते. सुनीता विल्यम्स मार्च २०२५ मध्ये २८६ दिवसांच्या मुक्कामानंतर पृथ्वीवर परतल्या, हे आपण सर्वांनी दूरदर्शन संचावर पाहिले. अंतराळ स्थानकावर रोज सुमारे दोन तास व्यायाम असतो आणि त्यात भार ओढण्या-ढकलण्याचे यंत्रही असते. तेथे ज्याला इतके महत्त्व दिले जाते, त्याला घरातील पन्नाशीच्या स्त्रीच्या दिनक्रमात १० मिनिटांचीही जागा नसावी, याचा विचार व्हावा.

संशोधनाची साक्ष

‘आता या वयात काय होणार?’ हा प्रश्न रुग्णांइतकाच त्यांच्या मुलांकडूनही विचारला जातो. त्याला तीन अभ्यासांनी दिलेले उत्तर येथे नमूद करतो.

अमेरिकेतील बोस्टन येथे एका वृद्ध-शुश्रूषागृहातील १० अशक्त रहिवाशांना ८ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम देण्यात आला. त्यांचे सरासरी वय ९० होते. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात त्यांच्या पायांचे बळ सरासरी १७४ टक्क्यांनी वाढले, म्हणजे पावणेतीनपट झाले. व्यायाम थांबल्यावर त्यातील काही बळ ओसरले, हेही त्यात आढळले. या खात्यात भरणा चालूच ठेवावा लागतो.

१९९४ साली टफ्ट्स विद्यापीठाच्या संशोधकांनी ५० ते ७० वर्षांच्या, रजोनिवृत्ती झालेल्या ३९ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांनी वर्षभर आठवड्यातून फक्त दोन दिवस वजनांचा व्यायाम केला, त्यांच्या खुब्याच्या व कमरेच्या हाडांची घनता सुमारे १ टक्क्याने वाढली. ज्यांनी केला नाही त्यांची सुमारे २ टक्क्यांनी घटली. व्यायाम करणाऱ्या स्त्रियांचे बळ आणि तोल सांभाळण्याची क्षमता यांतही सुधारणा झाली.

तिसरा अभ्यास ऑस्ट्रेलियातील असून तो २०१८ सालचा आहे. हाडांची घनता आधीच कमी झालेल्या, ५८ वर्षांवरील १०१ स्त्रिया त्यात होत्या. एका गटाने तज्ज्ञांच्या देखरेखीखाली आठवड्यातून दोनदा, प्रत्येकी अर्धा तास जड वजनांचा व्यायाम केला. दुसऱ्या गटाने घरी हलका व्यायाम केला. ८ महिन्यांनंतर पहिल्या गटाच्या कमरेच्या मणक्यांची घनता २.९ टक्क्यांनी वाढली व दुसऱ्या गटाची १.२ टक्क्यांनी घटली. भार पुरेसा असावा आणि देखरेख जाणकाराची असावी, या दोन्ही गोष्टी या अभ्यासातून शिकण्यासारख्या आहेत.

प्रत्यक्ष पडण्याविषयी बोलायचे तर, २०१९ साली १०८ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेण्यात आला. त्यानुसार वृद्धांनी व्यायाम केल्यास पडण्याचे प्रमाण २३ टक्क्यांनी कमी होते. तोल आणि बळ या दोहोंचे व्यायाम एकत्र केल्यास हा लाभ आणखी वाढतो.

इतर लाभ

जेवणानंतर रक्तात येणाऱ्या साखरेचा सर्वात मोठा ग्राहक स्नायू हाच आहे. स्नायू काम करू लागला की साखर उचलतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या व २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशात १० कोटींहून अधिक मधुमेही असल्याचा अंदाज देण्यात आला. चेन्नई येथील डॉ. ए. रामचंद्रन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली दाखवून दिले की, मधुमेहाच्या उंबरठ्यावरील व्यक्तींनी आहार व हालचाल यांत सुधारणा केल्यास मधुमेह होण्याचा धोका २८.५ टक्क्यांनी कमी होतो.

नियमित व्यायामाने रक्तदाब आटोक्यात राहण्यास मदत होते, झोप सुधारते, चिंता व उदासीनता कमी होते. गुडघ्यांच्या संधिवातात मांडीचे स्नायू बळकट झाले की सांध्याचे दुखणे हलके होते. स्तनांच्या व मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोकाही सक्रिय स्त्रियांत कमी आढळतो. आणखी एक त्रास असा आहे की, स्त्रिया त्याविषयी घरातही बोलत नाहीत. खोकताना वा हसताना लघवी सुटते म्हणून अनेकजणी प्रवास आणि समारंभ टाळतात. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम शिकून घेतल्यास बऱ्याच जणींना त्यात आराम पडतो. हे व्यायाम आपल्या फिजिओथेरपी विभागात स्त्री-तज्ज्ञाकडून एकांतात शिकविले जातात.

काही गैरसमज

"वजने उचलली की शरीर पुरुषी होते." स्त्रीच्या शरीरात टेस्टोस्टेरोन हे संप्रेरक पुरुषाच्या तुलनेत फारच थोडे असल्यामुळे तसे होत नाही. २००० साली सिडनी येथे वेटलिफ्टिंगमध्ये पदक मिळवून कर्णम मल्लेश्वरी ऑलिम्पिक पदक जिंकणाऱ्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या. २०२१ मध्ये टोकियो येथे मीराबाई चानू यांनी ४९ किलो वजनगटात एकूण २०२ किलो वजन उचलून रौप्यपदक मिळविले. त्यांची लहानखुरी मूर्ती डोळ्यांसमोर आणली तरी ही शंका दूर व्हावी.

"मी रोज चालते, तेवढे पुरे." चालणे हृदयासाठी उत्तम आहे व ते अवश्य चालू ठेवावे. परंतु त्याने हात, खांदे, पाठ यांना भार मिळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम गतीची हालचाल आणि त्याशिवाय किमान दोन दिवस प्रमुख स्नायूंना बळ देणारे व्यायाम सांगितले आहेत. ६५ वर्षांपुढील व्यक्तींनी आठवड्यातून किमान तीन दिवस तोल व बळ यांचे मिश्र व्यायाम करावेत, असेही त्यांत म्हटले आहे.

"गुडघे दुखतात, म्हणून व्यायाम नको." बहुतांश वेळा योग्य व्यायाम हाच दुखण्यावरचा उपचार असतो. तो कोणता, हे मात्र तज्ज्ञाने ठरवावे.

"व्यायाम ही पुरुषांची गोष्ट." आपल्याकडे तालमी पुरुषांच्या होत्या हे खरे. तथापि औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सूर्यनमस्कारांचा प्रसार करताना ते स्त्रियांसाठीही आहेत असा आग्रह धरला होता. हातापायांवर स्वतःच्या शरीराचा भार पेलण्याची ही पद्धत आजही बिनखर्चाची आहे. मनगट, गुडघे वा रक्तदाब यांचा त्रास असणाऱ्यांनी तेवढी विचारपूस करून ती आरंभावी.

प्रारंभ कसा करावा?

प्रथम एक सोपी चाचणी करावी. भिंतीला टेकवलेल्या, हात नसलेल्या खुर्चीवर बसावे, दोन्ही हात छातीवर घ्यावेत आणि ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभे राहता येते ते मोजावे. जवळ कोणीतरी उभे असावे. ६० ते ६४ वर्षांच्या स्त्रीला १२, ६५ ते ६९ वर्षांच्या स्त्रीला ११ आणि ७० ते ७४ वर्षांच्या स्त्रीला १० वेळाही उठता आले नाही, तर पायांचे बळ सरासरीपेक्षा कमी आहे व पडण्याचा धोका अधिक आहे, असे समजावे.

त्यानंतर पुढील सहा व्यायाम घरच्या घरी सुरू करता येतात.

१. खुर्चीवरून उठणे-बसणे. शक्य तो हाताचा आधार न घेता उठावे. बसताना धपकन न बसता सावकाश बसावे.

२. भिंतीवरचे जोर. भिंतीपासून हातभर अंतरावर उभे राहून तळवे भिंतीवर टेकवावेत, कोपरे वाकवून छाती भिंतीजवळ न्यावी व परत यावे. सवय झाल्यावर भिंतीऐवजी ओट्याचा आधार घ्यावा.

३. टाचा उचलणे. ओट्याला धरून चवड्यांवर उभे राहावे आणि हळूहळू खाली यावे.

४. पायरी चढणे-उतरणे. जिन्याच्या खालच्या पायरीवर कठड्याला धरून एकेक पाय चढवावा व उतरवावा.

५. ओझे उचलणे. एक लिटर पाण्याने भरलेली बाटली म्हणजे एक किलोचे डंबेल होय. दोन बाटल्यांनी आरंभ करावा. पुढे धान्याची पिशवी पाठ सरळ ठेवून, गुडघ्यांत व खुब्यांत वाकून उचलण्याचा सराव जाणकारासमोर करावा.

६. तोल सांभाळणे. ओट्याजवळ उभे राहून एका पायावर १० सेकंद, मग दुसऱ्या पायावर १० सेकंद.

पहिले पाच व्यायाम प्रत्येकी ८ ते १२ वेळा करावेत, थोडे थांबून आणखी एक आवर्तन करावे. शेवटचे दोन-तीन वेळा कठीण वाटले पाहिजेत. १२ वेळा सहज होऊ लागले की भार थोडा वाढवावा. ही वाढ नसेल तर काही महिन्यांनी व्यायामाची नुसती सवय उरते, लाभ थांबतो. आठवड्यातून दोन किंवा तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून, २५ ते ३० मिनिटे पुरेत. उचलताना श्वास सोडावा, रोखून धरू नये. दुसऱ्या दिवशी स्नायू थोडे दुखणे स्वाभाविक आहे. सांध्यात कळ येणे मात्र स्वाभाविक नाही.

आहाराविना हा खटाटोप व्यर्थ जाईल. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने हवीत, म्हणजे ५५ किलो वजनाच्या स्त्रीला सुमारे ४६ ग्रॅम. डाळ, उसळी, शेंगदाणे, दूध, दही, पनीर आणि चालत असल्यास अंडी व मासे यांतून ती मिळतात. सर्वांना वाढून झाल्यावर पातेल्याच्या तळाशी उरलेल्या पातळ वरणातून ती मिळत नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २०१९ ते २०२१ या काळात महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला होता. सतत थकवा येत असल्यास आळस म्हणून त्याची हेटाळणी न करता प्रथम हिमोग्लोबिन तपासून घ्यावे.

कोणती काळजी घ्यावी?

हृदयविकार, आटोक्यात नसलेला रक्तदाब, इन्सुलिनवर असलेला मधुमेह, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, गर्भावस्था व बाळंतपणानंतरचे पहिले काही महिने यांत डॉक्टरांच्या सल्ल्यानेच व्यायाम आरंभावा. हाडे ठिसूळ असल्याचे निदान झालेल्या स्त्रियांनी पाठीला पोक काढून पुढे वाकणे आणि तशा स्थितीत वजन उचलणे टाळावे. व्यायाम चालू असता छातीत दुखणे, घेरी येणे किंवा दम न आवरणे असे काही जाणवल्यास तात्काळ थांबून वैद्यकीय मदत घ्यावी.

कुटुंबाचा वाटा

आईच्या अपघातानंतर मी पत्नीला व्यायामाचा आग्रह करू लागलो. तिने एक-दोनदा ऐकून घेतले आणि मग म्हणाली, "अहो, सांगता खरे, पण सकाळच्या कोणत्या अर्ध्या तासात करू ते तुम्हीच दाखवा." मी कागद घेऊन बसलो. पहाटे साडेपाचपासून साडेनऊपर्यंत तिच्या नावावर रिकामा असा अर्धा तास नव्हता. माझ्या नावावर मात्र चहा व वर्तमानपत्र धरून पाऊण तास निघाला.

तेव्हापासून मंगळवार आणि शुक्रवार सकाळचा चहा, दूध तापविणे, आईची औषधे आणि डबे भरणे माझ्याकडे आहे. पहिल्या महिन्यात दूध तीनदा उतू गेले. पत्नी त्या वेळात आपल्या फिजिओथेरपी विभागात शिकलेले व्यायाम करते. सुरुवातीला एक किलोच्या बाटल्यांनी दमणारी ती आज १० किलो धान्याची पिशवी दुसऱ्या मजल्यावर स्वतः घेऊन येते. यात विशेष पराक्रम नाही, परंतु तिच्या पुढील वीस-पंचवीस वर्षांची तरतूद आहे, असे मला वाटते. स्त्रीला व्यायामाचा उपदेश करण्यापूर्वी तिच्या दिवसातून अर्धा तास मोकळा करून देणे हे घरातील इतरांचे काम आहे. वेळ न देता दिलेला उपदेश म्हणजे निधी न देता मंजूर केलेले अंदाजपत्रक होय.

आपल्या देणगीतून या वर्षी किती शस्त्रक्रिया झाल्या, किती रुग्णांना सवलत मिळाली, याचे तक्ते या अहवालात आपण पाहालच. ज्या स्त्रिया पडल्याच नाहीत त्यांची संख्या मात्र कोणत्याही अहवालात येत नाही. फिजिओथेरपी विभागाला दिलेल्या मदतीचे मोल त्या न दिसणाऱ्या रकान्यात आहे, याची विश्वस्तांनी व दात्यांनी कृपया नोंद घ्यावी. तद्वतच, रुग्णास घरी नेण्यास येणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने ‘घरी कोणते व्यायाम करून घ्यायचे?’ हे विचारूनच रुग्णालयाबाहेर पडावे, अशी नम्र विनंती आहे.

आई आता ७८ वर्षांची आहे. पूर्वीसारखी देवळाच्या पायऱ्या ती चढत नाही, आणि ते दिवस बहुधा परत येणार नाहीत. परंतु खुर्चीवरून उठण्याचा व्यायाम ती नेमाने करते. पहिल्या महिन्यात दोनदा उठण्यासाठीही दोघांचा आधार लागत असे. हल्ली ती आधाराविना आठ वेळा उठते आणि आकडा मोजण्यास मला जवळ बसविते. गेल्या तुळशीच्या लग्नाला आम्ही तिच्यासाठी अंगणात खुर्ची ठेवली होती. मंगलाष्टके सुरू होताच ती हात न टेकता उठली आणि अक्षता टाकून होईपर्यंत उभी राहिली.

आपणा सर्वांच्या घरातील माता-भगिनींना असेच स्वतःच्या पायांवर उभे राहण्याचे बळ दीर्घकाळ लाभो, ही सदिच्छा.